कावून मेलं ते लिही

गयाअक्का, आज हॅचरीत टेबलाशी मी एकटीच होते.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली, पेट्यांत भरून गाड्यांतून गेली, आणि ज्यातून काही निघालं नाही ती अंडी ट्रेमध्ये माझ्यासमोर आली. अकरा वर्षं ती आपण दोघी फोडत आलो. तू फोडायचीस, बघायचीस, सांगायचीस, मी लिहायचे. आज मीच फोडली, मीच बघितली, आणि हात पुसून मीच लिहिलं. पाच-सहा अंडी झाली आणि मी सवयीनं पेन धरून थांबले. कुणी काही बोललं नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. साहेब म्हणाले, दुसरी बाई देतो मदतीला. मी म्हटलं, राहू द्या थोडे दिवस. खरं तर काम एकटीला उरकत नाही. पण तुझ्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं बघवेल असं वाटत नाही, आणि रिकामं स्टूलही बघवत नाही.

मी इथं कड्याला आले तेव्हा लग्न मोडून आले होते. दिंद्रुडला माहेरी सगळे गप्प गप्प असायचे, ते बोलण्यापेक्षा वाईट. मायक्रोबायोलॉजीची पदवी होती, हॅचरीच्या लॅबमध्ये जागा निघाली, खोली घेतली आणि राहिले. पहिल्याच दिवशी गॅस धरलेलं एक सडकं अंडं माझ्या हातात फट्‌कन फुटलं. तोंडावर, केसांत, नव्या ओढणीवर. तो वास सांगून कळत नाही. मी भिंतीला धरून उमासे देत होते आणि बाकीच्या बायका हसत होत्या. तूही हसलीस, पण हसत हसत मला नळावर नेलंस, डोक्यावर पाणी घातलंस आणि कनवटीची लवंग काढून माझ्या हातावर ठेवलीस.

"तोंडानं श्वास घ्या, बाई. नाकाला मागून शिकवू."

खरंच शिकवलंस. आंबट वास वेगळा, कुजका वेगळा, नुसता ओलसर वेगळा. मी पुस्तकातून आले होते, तू शिरूर कासारहून, उसाच्या फडातून. नवरा गेल्यावर तू कोयता ठेवून इथं आली होतीस. शाळेची पायरी चढली नव्हतीस. पण अंडं उघडलं की एका नजरेत सांगायचीस, "हे चौथ्या दिवशी गेलं, रगताचं कडं धरलंय बघा. ह्याला डोळा आलता. ह्याला पिसं फुटलीती." मी सुरुवातीला पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघायचे. मग पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

आपल्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'इतर कारण'. कळलं नाही, कंटाळा आला की मी अंडं त्या रकान्यात ढकलायचे. तू काही बोलायची नाहीस. मग एका दुपारी तुझ्या हातात एक पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. चोच कवचाला लागलेली, पण बलक पोटात गेला नव्हता, पिवळा-तपकिरी होऊन सडला होता. ते तू खाली ठेवेनास.

"मला सातव्यात झालतं," तू म्हणालीस. "फडावर. मेलेलंच. मुकादम म्हनला, गाडून या अन् मोळ्या उचला. कावून मेलं, कुणी इचारलं न्हाई. मी बी न्हाई इचारलं."

मला वाटलं, तू रडशील. तू ते पिल्लू ट्रेत ठेवलंस आणि माझ्या तक्त्याकडे बोट केलंस.

"तो शेवटचा रकाना कशाचा हाय?"

"इतर."

"इतर मंजी काय? कुणी तरी बघाय पाहिजे ना, ह्यांचं तरी. कावून मेलं ते लिही."

तोवर तू मला 'तुमी' म्हणत होतीस. त्या दिवशी 'लिही' म्हणालीस. मीही त्या दिवसापासून तुला 'तू' म्हणायला लागले. माझी सख्खी बहीण माझ्याशी बोलत नव्हती, आणि अंड्याच्या टेबलावर मला अक्का मिळाली होती. तो रकाना त्यानंतर बहुतेक रिकामाच राहिला.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा.

आठवतं का, असं विचारणार नाही. आपण दोघी त्यावर पुन्हा कधी नीट बोललो नाही, एवढंच खरं. वैशाखात उबवणीच्या सेटर मशीनमध्ये अंडी फुटायला लागली. एक फुटलं की शेजारच्या दहांवर शिंतोडे, तीही सडणार. जी पिल्लं निघत होती त्यांची बेंबी ओली, उघडी, पोट फुगलेलं. शेतकऱ्यांच्या शेडमध्ये गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढीग पडायचा. फोन वाजत राहायचा. साहेबांना वरून बोलणी बसत होती आणि ते ती खाली आणून आपल्याला देत होते.

मी सडक्या अंड्यांतला नमुना घेऊन लॅबच्या प्लेटवर वाढवला. दुसऱ्या दिवशी प्लेट हिरवट झाली. ओलीत, साचल्या पाण्यात वाढणारा जंतू असा रंग सोडतो, हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. पण साहेब म्हणाले, "बायकांचे हात तपासा." मी सगळ्यांच्या हातांवर कापसाचा बोळा फिरवला. तुझ्याही.

जंतूंचे सगळ्यात जास्त ठिपके मंगलच्या प्लेटवर आले. तुझी धाकटी जाऊ मंगल. तिला तूच त्याच्या वर्षभर आधी शिरूरहून आणलं होतंस, ऊसतोडीला जावं लागू नये म्हणून. साहेबांकडे शब्द टाकला होतास, माझ्या पाया पडायचीच बाकी होतीस. ती मळकी अंडी निवडून वेगळी काढायची. तिच्या हाताला काही ना काही लागणारच होतं. ठिपके होते, पण फिकट गुलाबी. हिरवं काहीच नव्हतं.

तू लॅबच्या दारात उभी राहून दोन्ही प्लेटा बघितल्यास.

"ह्ये हिरवं मंगलच्या हातात कुठं हाय?"

"अक्का, ते तुला नाही कळायचं."

"मला वाचता येत न्हाई. रंग दिसतो." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "सुनंदे, वास पान्याला हाय. मशिनीत जो फवारा मारतंय ना, ओल धरायला, त्या पान्याला. मी सकाळी दार उघडलं की येतो."

"त्यात औषध टाकतो आपण."

"टाकत असशील. वास हाय."

संध्याकाळी पाचच्या आत साहेबांना अहवाल हवा होता. मी लिहिला. अंड्यांत जंतू आढळले, अमुक कामगाराच्या हातांवर जंतू आढळले, हातांची अस्वच्छता. एक शब्द खोटा नव्हता. दोन्ही ठिकाणी जंतू होते. ते एक नव्हते, एवढंच मी लिहिलं नाही. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मंगलला फाटकावरूनच परत पाठवलं. ती भिंतीच्या कडेनं लॅबच्या खिडकीपाशी आली आणि दोन्ही पंजे जाळीला लावून उभी राहिली. "बाई, मी दोनदा साबन लावते. बघा की. वास घिऊन बघा." मी म्हटलं, बोलते साहेबांशी. ती गेली. मी बोलले नाही.

अंडी फुटायची थांबली नाहीत. आठ दिवसांनी तू माझ्या टेबलावर एक बाटली आणून ठेवलीस. आधी रिकामी उकळून, झाकण लावून, मी शिकवलं होतं तशी. फवाऱ्याच्या नळीच्या तोंडाशी धरून भरलेली.

"मॅडम, एवढं लावून बघा."

मॅडम. मला वाटलं, रागात म्हणालीस, दोन दिवसांत जाईल.

त्या पाण्याची प्लेट हिरवी झाली. तोच रंग. टाकी उघडली तर नळ्यांच्या आत बोटभर बुळबुळीत थर. औषध वरच्या वर जात होतं, थराखाली जंतू सुखात होते. नळ्या बदलल्या, टाकी घासली. पुढच्या खेपेला पिल्लं कोरड्या बेंबीची निघाली आणि साहेब कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "शाब्बास. विषय संपला."

दुपारी टेबलावर तू विचारलंस, "कागद?"

"कसला कागद?"

"मंगलचा. पान्यानं झालं म्हनून लिहा ना आता."

"अक्का, सुधारलं ना सगळं? आता तो कागद उकरला तर पहिला चुकीचा लिहिला म्हणून माझ्यावर येईल."

"मंगलवर आलंच की."

मी चिडले. चूक आपली असली की माणूस फार लवकर चिडतं. "मला पण पोट आहे. इथून काढलं तर मी कुठं जाऊ? दिंद्रुडला?"

तू अंडं फोडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "कुठं जा असं कवा म्हनले मी? लिहा म्हनले."

आपलं भांडण तेवढंच झालं, अक्का. तू आवाज चढवला असतास, आठ दिवस अबोला धरला असतास, तर मी कधीतरी रडून मोकळी झाले असते. तू दुसऱ्या दिवशी वेळेवर आलीस, स्टुलावर बसलीस आणि सांगायला लागलीस. चौथा दिवस. बारावा दिवस. हे पार तयार झालतं. मी लिहीत राहिले.

दसऱ्यानंतर मंगल नवऱ्याबरोबर तोडीला गेली. तू एक दिवसाची सुट्टी टाकून शिरूरला जाऊन ट्रॅक्टर निघेस्तोवर थांबली होतीस. परत आल्यावर मी विचारलं, कशी आहे मंगल. "हाय," म्हणालीस.

पण डब्यातली भाकरी तू अर्धी माझ्यापुढे ठेवतच राहिलीस. परवाच्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा दोन दिवस माझ्या खोलीवर तूच होतीस. माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणालीस, "मॅडम, उठा, घोटभर पेज प्या." मांडी बहिणीची आणि शब्द परक्याचा. मी डोळे मिटून घेतले होते. तुला वाटलं असेल, तापामुळे.

रोज वाटायचं, आज लिहीन. मग वाटायचं, एवढा काळ गेला, आता काय म्हणून लिहू. मंगलचं नाव निघालं की मी विषय बदलायचे आणि तू बदलू द्यायचीस.

तू पडलीस ती सकाळी, खोलीवर, वेणी घालताना. नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. तुझी लेक म्हणाली, बीपीच्या गोळ्या महिनाभर घेतल्याच नव्हत्या. माझ्या शेजारी बसून तू रोज जेवत होतीस आणि मला ते माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तीन दिवस तू डोळे उघडले नाहीस. मी तिसऱ्या दिवशी आले होते. पायाशी बसले. तुझी लेक होती, जावई होते, गावाकडची दोन माणसं होती. सांगायचं ते ओठावर होतं, पण इतक्या जणांत कसं सांगणार? मी नुसती चादर सारखी करत बसले. निघताना कानाशी वाकून म्हटलं, "अक्का, उद्या येते." एवढंच निघालं तोंडातून. तू माझ्याशी शेवटचं बोललीस ते पडायच्या आदल्या दिवशी, "मॅडम, पंखा बंद करू का?" मी म्हटलं होतं, कर.

उद्या उजाडायच्या आत तुझ्या लेकीचा फोन आला.

शिरूरला माती दिली तेव्हा मंगल होती. मी बायकांच्या मागे उभी राहिले. ती माझ्याकडे बघते की काय, एवढीच मला भीती होती. तुझ्यासाठी रडायलासुद्धा मी मोकळी नव्हते.

कामावर परत आल्यावर जुनी फाइल काढली. धूळ होती, कागद तसाच होता, माझी सही तशीच. एक कोरा कागद घेतला. इंग्रजीत लिहायची पद्धत आहे आपल्याकडे. मी मराठीत लिहिलं. अर्धा तास लागला. दोन वर्षं जे जमलं नाही ते अर्ध्या तासाचं काम होतं.

साहेबांनी वरच्या दोन ओळी वाचल्या. "आता कशाला, सुनंदाताई? गयाबाई पण गेली."

"ज्या बाईचं नाव आहे ती आहे ना, साहेब."

त्यांनी कागद उलटून खालची सही बघितली. मला वाटलं, आता काढतील. "लावा फाइलला," म्हणाले आणि फोन घेतला. झालं. ज्या गोष्टीला मी दोन वर्षं घाबरत होते ती एवढीशी होती. तुला मी गमावलं ते एवढ्यासाठी.

काल रविवारी शिरूरला गेले. मंगल ओसरीवर ज्वारी पाखडत होती. तुमची सासू भिंतीला टेकून बसली होती, लिंबाखाली तुझा दीर आणि शेजारचे दोघं-तिघं पुरुष. मला बघून मंगलनं सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला, पाणी आणलं. मी पाणी प्याले.

तीच आधी म्हणाली, "अक्कानं सांगितलं व्हतं मला, बाई."

"काय?"

"की तुमी कागद बदलून दिला म्हनून. पान्यानं झालं असं लिहिलं, पर सायब आयकंना. बाईचा काय इलाज चालंना, तू तिला बोल लावू नगंस, म्हनली."

अक्का, तू हे कधी सांगितलंस तिला? ट्रॅक्टर निघाला त्या दिवशी? मला मॅडम म्हणत होतीस, आणि गावी जाऊन माझी बाजू घेत होतीस. तिच्याशी खोटं बोललीस. माझ्यासाठी, की तिचा जीव माझ्या रागात जळू नये म्हणून, ते आता कुणाला विचारू?

गप्प बसले असते तर चाललं असतं. मंगलनं चहा टाकला असता, दोघी तुझ्या आठवणी काढून रडलो असतो. मी रिकामा पेला खाली ठेवला.

"नाही, मंगल. मी बदलला नव्हता. साहेबांकडे गेलेच नव्हते. अक्कानं मला झाकलं."

तिचे हात मांडीवर उताणे होते, कोयत्यानं घट्टे पडलेले.

"मंग?"

"आता लिहिलाय. गेल्या आठवड्यात."

"कामावर बोलवाय आलाव?"

"नाही. ते माझ्या हातात नाही. नुसतं सांगायला आले."

"दोन साल," ती म्हणाली. एवढंच. सासूकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "हिच्या हातानं पिल्लं मरत्यात म्हनले समदे. घरच्या कोंबडीखाली अंडी ठिवायची झाली तर मला हात लावू देत न्हाईत. तुमास्नी म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं. तुला माहीत असणार. तू तेही मला सांगितलं नाहीस.

मी पिशवीतून नक्कल काढून तिच्या पुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

"वाचून दावा."

मी वाचलं. अंडी आणि पिल्लं मेली ती फवाऱ्याच्या पाण्यातल्या जंतूंमुळे. नळ्यांत थर साचला होता. मंगलच्या हातांवर तो जंतू नव्हता. हे मला तेव्हाच दिसलं होतं, तरी मी लिहिलं नाही. पाण्याचा दोष प्रथम गयाबाईंनी ओळखला. पहिला अहवाल चुकीचा आहे.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग लिंबाखालच्या पुरुषांकडे बघून म्हणाली, "परत वाचा. जरा मोठ्यानं."

मी उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. लिंबाखालचं बोलणं थांबलं. म्हातारीनं कानामागे हात धरला. माझं नाव आलं, माझी चूक आली, तुझं नाव आलं. वाचून झालं. मंगलनं हात पुढे करून कागद घेतला, घडी करून चोळीत ठेवला आणि सूप परत मांडीवर ओढलं.

मला वाटेपर्यंत सोडायला ती आली नाही. चहाही विचारला नाही. बरोबरच आहे. दोन वर्षांचं एका कागदानं फिटत नाही, हे तिला कळतं.

स्टँडवर कड्याच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर इतकं भरून आलं की हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगावं, काय झालं, मंगल काय म्हणाली, म्हातारीनं कानामागे हात कसा धरला. मोबाइल काढला. नावं वर-खाली केली. सांगण्यासारखी तू एकटीच होतीस, अक्का.